म्युझिकल थिएटरचा प्रीस्क्रीन व्हिडिओ: लेक डोळे मिटून गाते, काय करू?

एडिसनची_आई | रविवार, १२ ऑक्टोबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लेक बारावीत आहे. ती कॉम्प्युटर घेणार असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं, एक तिला सोडून. जूनमध्ये जेवता जेवता तिने सांगितलं की तिला म्युझिकल थिएटरमध्ये बीएफए (कलेतली पदवी) करायचंय. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे संगीत नाटक?" ती म्हणाली, "तसंच काहीतरी." मग त्याने आमटी वाढून घेतली आणि जेवण संपेपर्यंत अवाक्षर काढलं नाही. आता मात्र दिवे, स्टँड, वायरी सगळं तोच आणतोय, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत या कोर्सला नुसते मार्क आणि निबंध पुरत नाहीत, ऑडिशन द्यावी लागते. आणि ऑडिशनला बोलवायचं की नाही हे ठरवायला बरीच कॉलेजं आधी व्हिडिओ मागवतात. तो प्रीस्क्रीन. मिशिगन, कार्नेगी मेलन, सिनसिनाटी ही नावं या क्षेत्रात आयआयटीसारखी घेतली जातात. वर्ग अगदी मोजक्या मुलांचा आणि अर्ज करणारे देशभरातून. मागणी साधारण सगळ्यांची सारखी: एकमेकांपेक्षा वेगळ्या स्वभावाची दोन गाणी, प्रत्येकी दीड मिनिटाच्या आत, एक किंवा दोन मोनोलॉग, म्हणजे नाटकातली स्वगतं, थोडा नाच, आणि 'वाइल्ड कार्ड' म्हणून मिनिटभराचा मोकळा तुकडा, त्यात मुलाने वाटेल ते करावं. कॉलेजांनी मिळून यासाठी एक सामायिक नमुना केलाय खरा, पण प्रत्येकाचं काहीतरी वेगळं असतंच. इथे एकच मोनोलॉग, तिथे दोन; इथे गुडघ्यापर्यंत दिसू दे, तिथे पाय दिसलेच पाहिजेत. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे नऊ कॉलेजांची रंगीबेरंगी एक्सेल तयार आहे. त्यातल्या सहांना प्रीस्क्रीन लागतो. पहिली मुदत १ नोव्हेंबर.

आता अडचण. गेल्या शनिवारी बेसमेंटमध्ये एका गाण्याचे चौदा टेक झाले. अकरावा टेक असा लागला की जिन्यावर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. आणि शेवटच्या ओळीला वरून माझ्या कुकरची तिसरी शिट्टी! मी लावून विसरले होते. लेक संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. खिचडी खाल्ली मात्र.

पण खरं दुखणं शिट्टीचं नाही. रात्री सगळे चौदा टेक ओळीने बघितले, आवाज बंद करून. (टेस्टरची खोड.) पोर गाताना डोळे मिटते. सूर चढला की डोळे बंद, उजवा हात वर, आणि हवेत स्वर रेखाटणं सुरू. डावा हात मांडीवर, त्याची बोटं ताल मोजतायत. सातव्या वर्षापासून ती दर शनिवारी इथल्या एका बाईंकडे ख्याल शिकते, तिथलं हे सगळं. मैफलीत ते शोभतं. इथे आवाज बंद केल्यावर असं वाटलं की मुलगी आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सांगून बघितलं, तर पुढच्या टेकला एनसीसीच्या सावधानमध्ये उभी राहून गायली. ते जास्तच भयाण.

जुलैमध्ये एक कोच धरला होता ऑनलाइन. चार तासांचे पैसे आधी घेतले, दोन तास झाले, त्यात "शी इज सो म्युझिकल" एवढं वाक्य मिळालं, तिसऱ्या तासाला माणूस आलाच नाही. नाव घेत नाही, पण तेव्हापासून पैसे देऊन सल्ला घ्यायची हिंमत होत नाहीये. म्हणून इथे विचारते. डोळे आणि हात यांचं काय करू? बेसमेंटमध्ये आवाज धड कसा घेऊ, कारण ट्रॅक (साथीचं रेकॉर्ड केलेलं संगीत) मोठा केला तर ती ऐकू येत नाही आणि लहान केला तर तिला ट्रॅक ऐकू येत नाही? आणि वाइल्ड कार्डमध्ये मराठी नाट्यपद गायलं तर चालेल का, की उगाच आगाऊपणा होईल?

शिकागोचा_तंबोरा | सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

ताई, वाचून हसले आणि पोटात गोळाही आला, कारण तुमची मुलगी म्हणजे मीच. डोंबिवलीत बावीस वर्षांची होईपर्यंत ख्याल शिकले, आता इथे शाळेतल्या मुलांना म्युझिकल थिएटरचं गाणं शिकवते. दर ऑक्टोबरात दहा-बारा मुलं याच व्हिडिओंसाठी येतात.

डोळ्यांचं आधी. "डोळे उघडे ठेव" असं सांगून डोळे उघडत नाहीत, नुसते वटारले जातात. ती डोळे मिटते कारण तिला बघायला काही नाही. फोनच्या भिंगाच्या किंचित वर आणि किंचित बाजूला एक लाल टिकली चिकटवा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. ज्या माणसाशी ती गाण्यात बोलतेय तो माणूस म्हणजे ती टिकली. थेट भिंगात बघायचं ते फक्त सुरुवातीला नाव सांगताना. टिकली फार बाजूला गेली तर नुसता गाल दिसतो, म्हणून भिंगापासून वीतभरापेक्षा लांब नको. आणि तो माणूस कोण हे तिने ठरवायचं, नाव-गावासकट. "प्रियकर" असं मोघम नको. त्याने आत्ता काय केलं, म्हणून ही गाते आहे?

आता जरा मोठं. ख्यालात शब्द हे रागाचं वाहन. एक 'पिया' पाच मिनिटं पुरतो. इथे सगळं उलटं, सूर शब्दाची हमाली करतो. हे नुसतं समजून उपयोगी नाही, जिभेत उतरावं लागतं. माझा उपाय असा: गाण्याचे बोल तिला मराठीत सांगायला लावा. काव्य करायचं नाही, घरात बोलतो तसं. तुम्ही भाजी चिरत असाल तेव्हा ती तुमच्याशेजारी उभी राहून तेच म्हणू दे. जिथे तुमचा सुरीवरचा हात थांबेल ती ओळ तिला सापडली म्हणायची. मग तेच इंग्रजीत, न गाता. मग गाऊन. माझ्याकडच्या देशी मुलांना एक सवय हमखास असते, स्वरावर खालून मींड घेऊन, म्हणजे घसरत, येण्याची. इथे पहिलं व्यंजन पडलं की स्वर तिथेच हवा. बोलून बोलून गायलं की ती मींड आपोआप गळते, सांगावी लागत नाही.

हातांना काम द्या. गाताना धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लावा, चांगली आठवडाभर. मग एक दिवस ती कपड्यांची रास उचलून न्या. हात रिकामे राहतात पण हवेत जात नाहीत. ताल मोजायचाच असेल तर बुटाच्या आत, अंगठ्याने. कॅमेऱ्याला बूट फाडून बघता येत नाही.

गाणी कोणती घेतलीत ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि मी विचारत नाही, कारण 'अमुक गाणं नको, सगळे तेच गातात' या याद्यांनी मुलं वेडी होतात. पण तुकडा कसा कापलाय ते बघा. बहुतेक जण गाणं सुरू होतं तिथे सुरू करतात आणि दीड मिनिट झालं की थांबतात. तुकड्यात काहीतरी उलटायला हवं. आधी ती नाही म्हणत असेल तर शेवटी हो म्हणू दे. सुरुवातीचं वाजवणं तालाच्या एका-दोन मापांवर आणा, वीस सेकंद ती नुसती उभी असेल तर बघणारा मनातल्या मनात पुढे सरकलेला असतो. आणि वरची पट्टी दाखवायच्या मोहात पडू नका. जो स्वर चौदा टेकपैकी अकराव्याला लागतो तो तिचा नाही. जानेवारीत सर्दी झालेली असताना, सकाळी नऊ वाजता, अनोळखी पियानोवाल्याबरोबर जो लागेल तो तिचा.

एडिसनची_आई | सोमवार, १३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

तंबोराताई, आज तीन बादल्या कपड्यांच्या घड्या झाल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हा उपाय बाकी आयांनीही टिपून ठेवावा, कॉलेज कुठलंही असो.

मराठीचा प्रयोगही केला. मी गवार निवडत होते. तिने बोल मराठीत सांगायला घेतले आणि तिसऱ्या ओळीला अडकली. म्हणाली, "आई, हे मराठीत म्हटलं की भांडण वाटतं." मी म्हटलं, मग भांडणच असेल. गप्प झाली. मग पुन्हा म्हटलं, आणि मला खरंच वाटलं माझ्याशीच भांडतेय, मी गवार सोडून बघत बसले. तो माणूस कोण ते मात्र सांगत नाही. मीही खोदून विचारलं नाही.

लेक_मिशिगनला | मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

आम्ही दोन वर्षांपूर्वी या दिव्यातून गेलो. कलेतलं मला कळत नाही, आवाजाचं सांगतो.

फोनचा माइक स्वतःच आवाज कमी-जास्त करत असतो. मुलगी जोरात गायली की तो सगळंच दाबतो, त्यामुळे ट्रॅक मध्येच बुडतो आणि ती थांबली की भसकन वर येतो. कितीही टेक घ्या, हे होणारच. वेगळा माइक घ्या, त्याची पातळी हाताने ठरवा, तिच्या सगळ्यात मोठ्या स्वराला काटा लाल पट्टीत जाणार नाही इतकी. महाग नको. स्पीकर तिच्या मागे ठेवू नका. समोर बाजूला ठेवा, तोंड तिच्याकडे, म्हणजे कमी आवाजातही तिला ऐकू येईल. ट्रॅक ब्लूटूथने वाजवलात तर कधी मध्येच तुटतो, कधी उशिरा सुरू होतो, वायर लावा. कानात इअरफोन घालून ट्रॅक ऐकवण्याची आयडिया आम्ही केली होती, ती मूर्खपणाची. रेकॉर्डिंगमध्ये फक्त तिचा उघडा आवाज आला.

फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) बंद. फ्रिज बंद, वर स्वयंपाकघरात असला तरी, बेसमेंटमध्ये घरघर उतरते. फ्रिज परत चालू करायचं विसरायला होतं, म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्ली घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर. आमच्या सगळ्यात चांगल्या टेकला सासूबाईंचा व्हॉट्सअॅप कॉल आला होता. कुकरबद्दल सहानुभूती आहे.

फोन आडवा. मागचा कॅमेरा. तिच्यामागे रिकामी भिंत, तुमची गणपतीची मखरं नको. कपडे एकरंगी, भिंतीत मिसळणार नाहीत असे. एक तुकडा म्हणजे एक सलग टेक, मध्ये कापाकापी केली की लगेच कळते, आणि आवाजावर कसलाही मुलामा नको. बेसमेंटच्या दिव्यात डोळ्यांखाली खड्डे पडतात. वरच्या खोलीत खिडकीसमोर उभं करा, उजेड चेहऱ्यावर. पण २ नोव्हेंबरला घड्याळं मागे जातात, त्यानंतर पाच वाजता अंधार. शाळेतून येऊन शूट करायचं म्हटलं तर उरलेले शनिवार-रविवार दोनच आहेत, हे एक्सेलमध्ये लाल करा.

अपलोड शेवटच्या रात्री करू नका. बहुतेकांचं एकाच साइटवरून चालतं, त्या रात्री ती रांगते.

पैशांचं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. विद्यापीठाच्या अर्जाची फी वेगळी, व्हिडिओ चढवायची फी वेगळी, मग ऑडिशनला जायचं विमान आणि हॉटेल. नऊ कॉलेजं म्हणजे बघा. आणि मिशिगनसारख्या ठिकाणी विभागाने घेतलं तरी विद्यापीठाने वेगळं घ्यावं लागतं, त्यामुळे मार्क सोडून चालत नाही. आमच्या लेकीने सात व्हिडिओ पाठवले, दोघांनी बोलावलं, दोघांनीही पुढे नाही म्हटलं. प्रीस्क्रीन न मागणाऱ्या एका कॉलेजने थेट ऑडिशन घेतली, तिथे ती आज आहे आणि मजेत आहे. मिशिगन राज्यात आहे म्हणून माझं नाव असं, ते मिशिगन नव्हे. अशी दोन-तीन कॉलेजं यादीत ठेवाच. शिवाय तुम्हाला न्यू जर्सीत माँटक्लेअर स्टेट आहे, तिथे प्रीस्क्रीनचं काय ते बघून घ्या, पण सरकारी आहे, राज्यातल्यांना फी कमी.

नाट्यपदाबद्दल माझं मत: नको. त्यांना शब्द कळणार नाहीत, ते "किती छान, किती रंगीत" म्हणतील आणि पुढे जातील. आमच्या लेकीने वाइल्ड कार्डात एका मिनिटात पोळी लाटून भाजून दाखवली, टम्म फुगली. तिला ज्यांनी बोलावलं त्या दोघांनीही पोळीचा विषय काढला.

पायपेटी_मिरज | बुधवार, १५ ऑक्टोबर, सकाळी ९:३० (भारत)

सिएटलच्या मुलाने हा धागा पाठवला. मी ७४ वर्षांचा आहे. चाळीसेक वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली, त्यामुळे राहवत नाही.

पोळीवाल्या साहेबांचा अनुभव त्यांच्या जागी खरा. पण पद नको म्हणण्याआधी कुठलं पद हे विचारायला हवं होतं. आपल्याकडे नाट्यपद म्हटलं की लोकांना ताना आठवतात. रात्रभर नाटक चालायचं, वन्समोअर घ्यायचे, एकेक पद अर्धा तास. तसलं काही मिनिटात कोंबायला गेलात तर साहेब म्हणतात तेच होणार. पण अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं. त्यात साक्या आहेत, दिंड्या आहेत. त्यात ताना नाहीत. ते गाण्याच्या चालीत सांगणं आहे. गोष्ट पुढे सरकते, शब्द स्वच्छ. एका मिनिटात एक दिंडी सावकाश होते, साकी तर दोनदा होईल. भाषा न कळणाऱ्यालाही ही पोरगी कुणाला तरी काहीतरी पटवतेय एवढं कळतं. तुम्हाला तेवढंच दाखवायचंय ना?

दुसरं. तंबोराबाईंनी बोलून बघा सांगितलं ते उत्तम. त्यात माझी भर. आमच्या रंगभूमीवर पद सुरू व्हायच्या आधी नटाचं एक वाक्य असे, आणि त्या वाक्याखाली मी हळूच षड्ज धरत असे. मोठा नव्हे, प्रेक्षकाला कळणारही नाही असा. नट बोलता बोलता त्या सुरावर येई आणि पदात शिरे. कुठे बोलणं संपलं आणि कुठे गाणं लागलं हे कळू नये, ही साथीदाराची परीक्षा. चांगल्या नटाच्या वाक्यातच पद असे. वाईट नट वाक्य संपवी, घसा खाकरी, पवित्रा घेई, आणि मग गायला लागे. तिथे नाटक मेलं.

तुमच्या मुलीच्या इंग्रजी गाण्यालाही आधीचं वाक्य असेल. नाटकाच्या पुस्तकात असेल, नसेल तर तिने लिहावं. रेकॉर्डिंगमध्ये ते म्हणू नये, पण सरावाला म्हणावं, मोठ्याने, आणि शेवटचा शब्द गाण्याच्या पहिल्या स्वरावर आणून ठेवावा. आठ दिवसांनी वाक्य मनातच म्हणावं. डोळे मिटायला वेळ कुठे मिळतो बघा.

स्वगतांचं काय चाललंय ते कुणी विचारलं नाही. गाणाऱ्या मुली गद्याकडे दुर्लक्ष करतात, असा माझा अनुभव आहे.

शिकागोचा_तंबोरा | बुधवार, १५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

काका, नमस्कार. 'वाक्याखाली षड्ज' हे उद्यापासून माझ्या वर्गात. आम्ही इथे त्याला "आधीचा क्षण" म्हणतो आणि मुलं तो क्षण म्हणून जोरात श्वास घेऊन दाखवतात. तुमचं जास्त कामाचं आहे.

दिंडीला माझं अनुमोदन. कोण कुणाला सांगतंय ते आधी इंग्रजीत एका वाक्यात म्हणावं आणि लगेच सुरू. तीस वाक्यांची संगीत नाटकाची माहिती नको.

मोनोलॉग: छापील नाटकातला, सिनेमातला नको. वय तिच्याच आसपासचं, काढलेला आवाज किंवा उच्चार नको. देशी मुलांना कुणीतरी भारतीय उच्चारात करायला सुचवतंच. तिला तिच्या बोलण्यात बोलू दे. इथे फ्रेम छातीपर्यंत असते, त्यामुळे भुवया सांभाळा. आणि तेच, टिकलीशी बोला.

एडिसनची_आई | सोमवार, २७ ऑक्टोबर, रात्री १२:१०

झालं. शनिवार-रविवार मिळून सगळं झालं. आत्ता अपलोड संपला आणि मी चढलेल्या एकेका फाइलसमोर हिरवा रंग भरलाय.

काका, गद्याबद्दल तुम्ही बोललात ते बरोबर निघालं. मोनोलॉग तिने नुसता पाठ केला होता. ऐकायला बसले तर आजीच्या श्राद्धाला गुरुजी म्हणतात तसा एका सुरात. मग तंबोराताईंचाच उपाय, मराठीतून. या वेळी मेथी. मोनोलॉगात एक मुलगी बापाला सांगते की मी घर सोडून चाललेय. मराठीत म्हणता म्हणता तिने "बाबा" म्हटलं, आणि नेमका तेव्हा नवरा दिव्याची वायर घ्यायला आत आला होता. तो वायर धरून उभाच राहिला. ती थांबली नाही, त्याच्याकडे बघून पूर्ण केलं. नंतर तो म्हणाला, "ही वायर चालणार नाही, दुसरी आणतो" आणि दुकानात गेला. चांगली तासाभराने आला. वायर तीच घेऊन आला.

गाण्याचे टेक मोजून पाच-पाच. तिसरा पाठवला, दोन्ही वेळी. पाचव्यात सूर जास्त पक्का होता आणि मी पाचव्याच्या बाजूने होते. ती म्हणाली, "पाचव्यात मी छान गातेय, आई. तिसऱ्यात मी त्याला सांगतेय." तिसऱ्यात शेवटचा स्वर किंचित खाली आहे. मला अजून टोचतो. पण आवाज बंद करून दोन्ही बघितले आणि गप्प बसले. डोळे एकदा मिटले, मध्ये कुठेतरी अर्धा सेकंद. डाव्या हाताची बोटं शांत. बुटात काय चाललं होतं देव जाणे.

किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती. मी विसरले, नवरा विसरला, आणि रविवारी सकाळी लेकीच्या बॅलेला जायला निघालो तेव्हा घरभर किल्ली शोधली. फ्रिज रात्रभर बंद. दूध टाकून दिलं. तरी उपाय चांगला आहे, नाहीतर सोमवारपर्यंत बंद राहिला असता.

वाइल्ड कार्डला दिंडी. बाईंकडची पेटी आणली, धाकट्याने नुसता सा धरला. बाईंना मी घाबरत विचारलं होतं, त्यांनी स्वतः दोन दिवस बसवून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवून गा गं, दिंडी आहे ती." मी तोंड उघडलं नाही.

आणि एक. सुरुवातीला नाव सांगायचं असतं. लेकीच्या नावात 'ज्ञ' आहे. शाळेत बालवाडीपासून ते लोक जे म्हणतात तेच तीही सांगते, मी कधीच सोडून दिलंय. व्हिडिओत तिने नाव सांगितलं ते आपण घरी म्हणतो तसं, सावकाश. मी काही सुचवलं नव्हतं.

लेक_मिशिगनला | सोमवार, २७ ऑक्टोबर, सकाळी ७:००

अभिनंदन. पावत्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. दिंडीबद्दल माझं मत कायम आहे, चूक ठरलो तर इथे येऊन सांगा.

एडिसनची_आई | शनिवार, २० डिसेंबर, दुपारी ४:३०

धागा वर काढते. सहापैकी तिघांनी बोलावलं, दोघांचा नकार आला, एकाकडून अजून काहीच नाही. नकारांपैकी एक तिचं सगळ्यात आवडतं होतं. त्या दिवशी तिने कपड्यांच्या घड्या घातल्या, न सांगता, न गाता.

पोळीवाले साहेब, बोलावणाऱ्यांपैकी एकाने पत्रात दिंडीचा उल्लेख केलाय. बाकी दोघांनी नाही. त्यामुळे तुम्ही तिसऱ्या हिश्श्याने चूक.

आता पुढचं. जानेवारीच्या शेवटी न्यूयॉर्कला युनिफाइड्स आहेत, तिथे बरीच कॉलेजं एकाच ठिकाणी ऑडिशन घेतात. आम्हाला ट्रेनने जाता येईल, हॉटेल वाचलं. या वेळी ट्रॅक नाही, पियानोवाला असेल आणि त्याला ती आयुष्यात पहिल्यांदा भेटणार. काका, साथीदाराच्या बाजूने सांगा, त्याला कागद कसे द्यायचे? चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्या नकोत एवढं वाचलंय.

पायपेटी_मिरज | रविवार, २१ डिसेंबर, सकाळी ८:१० (भारत)

पिशव्या नकोत हे खरं, दिवा चमकला की ओळच दिसत नाही. पानं पाठपोट लावा, म्हणजे उघडल्यावर दोन समोरासमोर येतील आणि उलटावं कमी लागेल. उलटायचंच असेल तर जिथे वाजवणं विरळ आहे तिथे पान संपू दे. फोटोकॉपीत खालची ओळ कापली जाते, डाव्या हाताचे स्वर त्याच ओळीत असतात, ते आधी बघा. कुठून सुरू आणि कुठे संपवायचं तिथे ठळक खूण, मधलं सोडलेलं पूर्ण खोडा. अर्धवट खोडलेलं मी कैकदा वाजवून बसलोय.

लय तिने सांगावी, बोटांनी टिचक्या वाजवून मात्र नाही. हलक्या आवाजात पहिली ओळ त्याच्या कानाशी गुणगुणावी. आणि जायच्या आधी त्याचं नाव विचारावं.